आधी बिंदू, मग लंब

स्पर्शप्रतलाचं गणित समोर आलं की पोरंपोरी आधी सूत्र आठवायला बसतात. तू तसं करू नकोस, बाळ. सूत्रं तीन-चार आहेत, दिसायला सारखी आहेत, आणि ऐन परीक्षेत ती एकमेकांत मिसळतात. मग ऋण चिन्ह नेमकं कुठे होतं, हे आठवण्यात पाच मिनिटं जातात. आमच्या सरांनी आम्हाला चारच शब्द दिले होते: आधी बिंदू, मग लंब. मी फळ्यापुढे उभी राहायला लागले तेव्हापासून तेच पुढच्यांना देत आले, आणि आता तुझं इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष सुरू झालंय तर तुलाही देते.

कुठलंही प्रतल घे. त्यावरचा एक बिंदू आणि त्याला लंब असलेली एक दिशा कळली की ते प्रतल ठरलं. बिंदू (अ, ब, क) आणि लंब (ल, म, न) असेल तर ल(क्ष − अ) + म(य − ब) + न(झ − क) = ०. हे तू बारावीतच केलंयस. स्पर्शप्रतलाच्या गणितात नवीन काम एकच, तो लंब पृष्ठभागाच्या समीकरणातून काढायचा. पुस्तकातली सगळी सूत्रं म्हणजे लंब काढायच्या वेगवेगळ्या वाटा आहेत. एवढं डोक्यात पक्कं बसलं तर पाठ करायला फारसं काही उरत नाही.

बिंदूपासून सुरुवात कर. दिलेला बिंदू खरंच त्या पृष्ठभागावर आहे का, हे उत्तराच्या पहिल्या ओळीत तपासून टाक. पृष्ठभाग झ = क्ष² + ३य² आणि बिंदू (१, −१, ४) असेल तर १ + ३ = ४, जमलं. कधी प्रश्नात दोनच निर्देशक देतात. क्ष = १, य = २ म्हणतात आणि पृष्ठभाग असतो क्ष² + य² + झ² = ९ हा गोल. तिथे झ² = ४, म्हणजे झ = २ आणि झ = −२ असे दोन बिंदू निघतात आणि स्पर्शप्रतलंही दोन: क्ष + २य + २झ = ९ आणि क्ष + २य − २झ = ९. वर्गमूळ काढताना ऋण बाजू सोडलीस तर अर्धं उत्तर गेलं.

तपासताना बिंदू पृष्ठभागावर नाही असं निघालं तर घाबरू नकोस, पण प्रश्न पुन्हा वाच. बहुतेक वेळा त्या बिंदूतून जाणारं स्पर्शप्रतल मागितलेलं असतं, म्हणजे स्पर्श कुठे होतो ते आपल्याला शोधायचंय. स्पर्शबिंदूला (अ, ब, क) म्हण, तिथलं स्पर्शप्रतल लिही आणि त्यात बाहेरचा बिंदू भर. वरच्याच गोलाचं स्पर्शप्रतल अ·क्ष + ब·य + क·झ = ९ असं येतं. त्यात (०, ०, ५) भरलास की ५क = ९, म्हणून क = ९/५. त्या उंचीवर गोलावर जे वर्तुळ आहे, त्यातला प्रत्येक बिंदू चालतो. बाहेरच्या एका बिंदूतून गोलाला अगणित स्पर्शप्रतलं जातात, आणि उत्तरात तसं लिहायला हवं.

हा बाहेरच्या बिंदूचा प्रश्न पुस्तकी नाही बरं का. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये मेझिएर इथे लष्करी अभियंत्यांची शाळा होती. किल्ल्याच्या भिंती किती उंच ठेवल्या म्हणजे समोरच्या टेकडीवरून शत्रूला आतलं दिसणार नाही आणि तोफगोळा सरळ आत येणार नाही, हा तिथला नेहमीचा प्रश्न. तो सोडवायला लांबलचक आकडेमोड लागायची. १७६० च्या दशकात गास्पार माँज नावाच्या तरुणाने किल्ल्याकडून निघून समोरच्या टेकड्यांना टेकणारं प्रतल भूमितीने काढून दाखवलं. प्रतलाच्या खाली जे राहील ते सुरक्षित. उत्तर इतक्या लवकर आलं की वरिष्ठ आधी ते तपासायलाच तयार नव्हते, असं सांगतात. पुढे ती रीत बरीच वर्षं लष्करी गुपित म्हणून झाकून ठेवली गेली, आणि १७९५ मध्ये पॅरिसला माँजने व्याख्यानं दिली तेव्हा ती सगळ्यांसमोर आली. त्या व्याख्यानांत स्पर्शप्रतल आणि लंब यांना स्वतंत्र भाग आहे. तू ज्याला ड्रॉइंगचा पेपर म्हणतेस, तो विषय तिथूनच सुरू झाला.

आता लंब. पृष्ठभाग झ = फ(क्ष, य) असा दिला असेल तर एक चित्र डोळ्यांपुढे आण. पृष्ठभाग य स्थिर ठेवून कापला की एक वक्र मिळतो, त्या बिंदूपाशी त्याची स्पर्शिका काढ. तिचा चढ म्हणजे क्ष-पार्शल. मग क्ष स्थिर ठेवून काप, दुसरा वक्र, दुसरी स्पर्शिका, तिचा चढ म्हणजे य-पार्शल. दोन काटक्या एकमेकींवर आडव्या ठेवल्या की त्यांवर पुठ्ठा एकाच तऱ्हेने सपाट बसतो. स्पर्शप्रतल त्या दोन स्पर्शिकांवर तसंच बसतं. स्पर्शिकांच्या दिशा आहेत (१, ०, क्ष-पार्शल) आणि (०, १, य-पार्शल). यांचा क्रॉस प्रॉडक्ट एकदा स्वतःच्या हाताने काढून बघ. लंब येईल (क्ष-पार्शल, य-पार्शल, −१), किंवा तिन्ही चिन्हं उलटी. हा −१ कुठून आला हे ज्याने एकदा पाहिलं, तो पुन्हा विसरत नाही. ज्याने सूत्र पाठ केलं, तो दर तिसऱ्या गणितात +१ लिहितो.

मघाचंच उदाहरण घे. झ = क्ष² + ३य², बिंदू (१, −१, ४). क्ष-पार्शल २क्ष, य-पार्शल ६य. आता इथे थांब आणि आकडे भर: २ आणि −६. प्रतलाच्या समीकरणात जायच्या आधी आकडे भरायचे, हा माझा हट्ट आहे. वर्गात सगळ्यात जास्त गुण कशापायी जातात म्हणशील तर ह्यापायी. मुलं झ − ४ = २क्ष(क्ष − १) + ६य(य + १) असं लिहून मोकळी होतात. त्यात क्ष² आला, य² आला; मग ते प्रतल कसलं? उत्तरात कुठेही वर्ग, गुणाकार किंवा वर्गमूळ अडकलेलं दिसलं तर दोन ओळी मागे जा, आकडे भरायचे राहिलेत. नीट भरलेस तर झ − ४ = २(क्ष − १) − ६(य + १), म्हणजे झ = २क्ष − ६य − ४.

आता ताळा. बिंदू परत भरून बघतेस ना, २ + ६ − ४ = ४, बरोबर. पण तेवढ्यावर विसंबू नकोस. समज, य-पार्शलचं चिन्ह चुकून ६ घेतलंस. समीकरण होईल झ = २क्ष + ६य + ८. त्यात (१, −१) भर: २ − ६ + ८ = ४. तेही जमलं! बिंदूचा ताळा फक्त बिंदू तपासतो, चढ तपासत नाही. म्हणून आमच्या सरांचा दुसरा मंत्र: दहा आणि शंभर.

बिंदूपासून एका दिशेने ०.१ सरक आणि खरी उंची व प्रतलाची उंची यांतला फरक काढ. मग त्याच दिशेने ०.०१ सरकून पुन्हा काढ. पाऊल दहापट लहान झालं की फरक सुमारे शंभरपट लहान व्हायला हवा. वरच्या गणितात य −१ वरून −०.९ वर ने. खरी उंची १ + ३ × ०.८१ = ३.४३, प्रतलाची २ + ५.४ − ४ = ३.४, फरक ०.०३. मग य −०.९९ घे. खरी उंची ३.९४०३, प्रतलाची ३.९४, फरक ०.०००३. बरोबर शंभरपट घटला. चुकीच्या चिन्हाचं समीकरण याच दोन जागी तपास: फरक आधी १.१७ आणि नंतर ०.११९७. तो दहापटच घटला, म्हणजे चढ चुकलाय. क्ष-दिशेने एकदा आणि य-दिशेने एकदा एवढं केलंस की दोन्ही पार्शल तपासून झाले. कॅल्क्युलेटरवर दोन मिनिटांचं काम आहे आणि पेपरमध्ये वेळ उरला तर त्याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

हा नुसता परीक्षेचा ताळा आहे असं मात्र समजू नकोस. स्पर्शप्रतल म्हणजे काय, याचं उत्तरच त्यात आहे. त्या बिंदूतून शेकडो प्रतलं जातात. त्यांतलं एकच असं असतं की जवळ जाताना पृष्ठभाग आणि प्रतल यांतलं अंतर पावलापेक्षाही वेगाने आटत जातं. तुझी सर्व्हेइंगची मैत्रीण असेल तर तिला विचार. सपाट जमीन धरून मोजणी करतात ती मुळात पृथ्वीच्या गोलाऐवजी त्याचं स्पर्शप्रतल वापरूनच. उभ्या जागेपासून १ किलोमीटरवर पृथ्वी त्या प्रतलाच्या खाली साधारण ८ सेंटीमीटर गेलेली असते. १० किलोमीटरवर? ८० सेंटीमीटर नव्हे, जवळजवळ ८ मीटर. अंतर दहापट, फरक शंभरपट, तोच नियम. म्हणून सर्व्हेइंगच्या पुस्तकांत सुमारे २५० चौरस किलोमीटरपर्यंतच जमीन सपाट धरा म्हणतात. त्यापुढे वक्रता हिशेबात घ्यावी लागते. विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ती पहिल्यापासून वक्रता धरूनच. उत्तरेकडे सरकत सरकत तो आपल्या विदर्भापर्यंत आला आणि १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडे गेलीस तर जरूर बघून ये.

झ वेगळा काढलेला नसेल, क्ष, य, झ एकाच समीकरणात गुंतलेले असतील, तर झ सोडवायच्या भानगडीत पडू नकोस. सगळं एका बाजूला घे, त्याला ग(क्ष, य, झ) म्हण आणि त्याचा ग्रेडियंट काढ, म्हणजे तिन्ही पार्शल एका ओळीत. तोच लंब. का, ते एका वाक्यात: पृष्ठभागावरून कुठल्याही वक्राने चाललीस तरी ग ची किंमत बदलत नाही, म्हणून चालण्याची दिशा आणि ग्रेडियंट यांचा डॉट प्रॉडक्ट शून्य येतो. मघाचा −१ सुद्धा इथूनच पडताळता येतो. फ(क्ष, य) − झ चा ग्रेडियंट काढ, शेवटचा घटक −१. म्हणून मी म्हणते, एकच वाट नीट पायाखाली घालायची असेल तर ही घाल. शिवाय उभं स्पर्शप्रतल पहिल्या वाटेने कधीच मिळत नाही, कारण तिथला झ चा घटक −१ असतो, शून्य होऊच शकत नाही. मघाच्या गोलावर (३, ०, ०) घे. झ सोडवलास तर पार्शल अनंताकडे पळतो. ग्रेडियंट मात्र (६, ०, ०) देतो आणि प्रतल क्ष = ३ समोर उभं राहतं.

एक उदाहरण नीट करू. क्ष² + २य² + ३झ² = २०, बिंदू (३, −२, १). आधी बिंदू: ९ + ८ + ३ = २०. ग्रेडियंट (२क्ष, ४य, ६झ), आकडे भरून (६, −८, ६). दोनने भाग: (३, −४, ३). लंबाची फक्त दिशा लागते, लांबी नाही, म्हणून सामाईक अवयव बेधडक काढून टाक. प्रतल ३क्ष − ४य + ३झ = ९ + ८ + ३ = २०. उजवीकडे पुन्हा २० च आला, हे पाहिलंस? तो योगायोग नाही. द्विघाती पृष्ठभागाचं स्पर्शप्रतल बघता बघता लिहिता येतं. क्ष² च्या जागी क्ष·अ लिही, क्ष च्या जागी (क्ष + अ)/२, आणि क्ष·य च्या जागी (ब·क्ष + अ·य)/२. स्थिरांक तसाच ठेव. इथे ३क्ष + २(−२)य + ३(१)झ = २०, तेच समीकरण. आमच्या वेळी हे पहिल्याच आठवड्यात पाठ करून घ्यायचे. माझं मत विचारशील तर उत्तर ग्रेडियंटने लिही आणि ही युक्ती कडेला ताळ्यासाठी ठेव. घातांक दोनच्या पुढे गेला की ती चालत नाही, आणि सवयीने हात तिकडेच जातो.

या लंबाबद्दल एक समज मनातून काढून टाक. गोलाच्या बाबतीत लंब केंद्रातून जातो म्हणून पोरांना वाटतं की तो नेहमीच मध्यातून जातो. वरच्याच उदाहरणात बिंदूची दिशा (३, −२, १) आणि लंब (३, −४, ३). दोन्ही वेगळ्या. पृथ्वीचंही असंच आहे. विषुववृत्तापाशी त्रिज्या सुमारे ६३७८ किलोमीटर, ध्रुवापाशी ६३५७. ती पूर्ण गोल नाही म्हणून जमिनीला लंब टाकलेली रेषा साधारणपणे पृथ्वीच्या केंद्रातून जात नाही. नकाशावर जो अक्षांश छापतात तो या लंबाने विषुववृत्ताच्या प्रतलाशी केलेला कोन आहे, केंद्राकडे जाणाऱ्या रेषेने केलेला नव्हे. ४५ अंशांपाशी या दोन कोनांत साडेअकरा मिनिटांचा फरक पडतो. पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे ७ मिनिटं आहे, म्हणजे जमिनीवर जवळजवळ १३ किलोमीटर. एक कोन दुसऱ्याच्या जागी वापरला तर पुण्यातली खूण गावाबाहेर जाऊन पडेल.

गुणाकाराचा पृष्ठभाग असेल तर आणखी एक सोय आहे. क्ष·य·झ = ६, बिंदू (१, २, ३). ग्रेडियंट (य·झ, क्ष·झ, क्ष·य) = (६, ३, २), प्रतल ६क्ष + ३य + २झ = १८. आता १८ ने भाग: क्ष/३ + य/६ + झ/९ = १. अक्षांवरचे छेद ३, ६, ९, म्हणजे बिंदूच्या निर्देशकांच्या बरोबर तिप्पट. आधीच दोन्ही बाजूंचा लॉग घेतला असतास तर हे एका ओळीत आलं असतं, कारण लॉग घेतला की लंब (१/अ, १/ब, १/क) येतो आणि प्रतल क्ष/अ + य/ब + झ/क = ३. मला हे फार आवडतं, कारण यातून न विचारलेली एक गोष्ट हाती लागते. हे प्रतल आणि तीन अक्षप्रतलं मिळून जी चतुष्फलक होते तिचं घनफळ ३ × ६ × ९ / ६ = २७. आता त्याच पृष्ठभागावर दुसरा कुठलाही बिंदू घे, (१, १, ६) घे. छेद ३, ३, १८, घनफळ पुन्हा २७. बिंदू कुठेही सरकव, प्रतल कलतं, पण घनफळ हलत नाही. तोंडी परीक्षेत परीक्षकांना हे विचारायला आवडतं, आणि तुलाही सांगायला आवडेल.

आणखी एक समज शाळेपासून चिकटलेला असतो. वर्तुळाची स्पर्शिका एकाच बिंदूत टेकते, म्हणून स्पर्शप्रतलही एकाच बिंदूत टेकून पृष्ठभागाच्या एका बाजूला राहणार असं वाटतं. झ = क्ष·य घे आणि (२, ३, ६) वर स्पर्शप्रतल काढ: झ = ३क्ष + २य − ६. आता पृष्ठभागातून प्रतल वजा कर. क्ष·य − ३क्ष − २य + ६, आणि याचे अवयव पडतात: (क्ष − २)(य − ३). जिथे क्ष = २ किंवा य = ३, तिथे वजाबाकी शून्य. म्हणजे स्पर्शप्रतल पृष्ठभागाला दोन सरळ रेषांत कापून जातं. दोन समोरासमोरच्या भागांत पृष्ठभाग प्रतलाच्या वर आणि उरलेल्या दोन भागांत खाली. तरीही ते स्पर्शप्रतलच, दहा-शंभरच्या ताळ्यात पक्कं उतरणारं. आणि त्या दोन रेषा पूर्णपणे पृष्ठभागावरच आहेत. वाकड्या छतात सरळ रेषा दडलेल्या असतात, याचा फायदा फेलिक्स कांदेलाने मेक्सिकोत करून घेतला. सोचिमिल्कोच्या उपाहारगृहाचं त्याने १९५८ मध्ये बांधलेलं काँक्रीटचं छत अशाच खोगिरासारख्या तुकड्यांचं आहे, जाडी जेमतेम ४ सेंटीमीटर, आणि त्याचा साचा सरळ फळ्यांनी उभा केला होता. आपल्याकडे कोराडीच्या वीजकेंद्राचे कमरेत आवळलेले शीतकरण मनोरे पाहिले असशील. त्या आकारालाही प्रत्येक बिंदूवर स्पर्शप्रतल दोन सरळ रेषांत कापतं. तेव्हा प्रश्नात प्रतल पृष्ठभागाला आरपार जाताना दिसलं तर उत्तर चुकलं असं समजून खोडू नकोस.

आणि कधी स्पर्शप्रतल नसतंच. झ² = क्ष² + य² हा शंकू घे, त्याच्या टोकाशी ग्रेडियंट (०, ०, ०). लंब शून्य आला की पेन खाली ठेव आणि चित्र काढ. तिथे टोक असेल, घडी असेल किंवा दोन पडदे एकमेकांना छेदत असतील. क्वचित पृष्ठभाग गुळगुळीत असतो आणि समीकरणच दोनदा लिहिल्यासारखं, कशाचा तरी वर्ग करून ठेवलेलं असतं. याहून फसवी जागा म्हणजे झ = √|क्ष·य|. आरंभबिंदूपाशी दोन्ही पार्शल शून्य, सूत्राने झ = ० हे प्रतल हातात येतं आणि सगळं ठीक वाटतं. आता तिरकी चाल कर, क्ष = य. झ झाला |क्ष|. पाऊल ०.१, फरक ०.१, पाऊल ०.०१, फरक ०.०१. दहापटच घटला. प्रतल नाही. दोन काटक्या आडव्या होत्या, पण मधल्या दिशांना पृष्ठभागाने त्यांचं ऐकलंच नाही. लेखी उत्तरात असं लिही: दोन्ही पार्शल त्या बिंदूच्या आसपास सगळीकडे असतील आणि त्या बिंदूशी संतत असतील तर स्पर्शप्रतल नक्की असतं. नुसते बिंदूवर असून भागत नाही.

पॅरामीटर देऊन पृष्ठभाग दिला असेल तर दोन पॅरामीटरच्या दोन दिशा काढ, क्रॉस प्रॉडक्ट घे, लंब मिळाला. इथेही कधी शून्य येतो, पण मग दोष कुणाचा ते बघ. गोल अक्षांश-रेखांशांनी लिहिला तर ध्रुवावर क्रॉस प्रॉडक्ट शून्य होतो, कारण तिथे सगळे रेखांश एकत्र येतात आणि रेखांश बदलला तरी बिंदू हलत नाही. ध्रुवापाशी गोल इतर ठिकाणांइतकाच गुळगुळीत आहे. दुसऱ्या रीतीने लिही, स्पर्शप्रतल लगेच मिळेल. शंकूच्या टोकाचं तसं नाही. तिथे कुठल्याही रीतीने लिही, प्रतल मिळणार नाही.

बाकीचे प्रश्न पटकन सांगते. स्पर्शप्रतल आडवं कुठे आहे विचारलं तर क्ष-पार्शल आणि य-पार्शल दोन्ही शून्य कर. दिलेल्या प्रतलाला समांतर विचारलं तर ग्रेडियंट त्या प्रतलाच्या लंबाच्या पटीत मांड आणि पट काढताना दोन्ही चिन्हं घे. मघाच्या क्ष² + २य² + ३झ² = २० वर ३क्ष − ४य + ३झ = ० ला समांतर स्पर्शप्रतलं दोन आहेत, (३, −२, १) वर आणि बरोबर समोरच्या (−३, २, −१) वर. दोन पृष्ठभागांमधला कोन म्हणजे त्यांच्या लंबांमधला कोन.

दोन पृष्ठभाग जिथे छेदतात त्या वक्राची स्पर्शिका हवी असेल तर दोन्ही लंबांचा क्रॉस प्रॉडक्ट घे, कारण ती रेषा दोन्ही स्पर्शप्रतलांवर असते. क्ष·य·झ = ६ आणि क्ष² + २य² + ३झ² = ३६, दोन्ही (१, २, ३) मधून जातात; तपासून घे. लंब (६, ३, २) आणि (२, ८, १८). दुसऱ्याला दोनने भाग, (१, ४, ९). क्रॉस प्रॉडक्ट (१९, −५२, २१). आकडे ओबडधोबड आले म्हणून खोडायला घेऊ नकोस. दोन्ही लंबांशी डॉट प्रॉडक्ट काढ: ११४ − १५६ + ४२ = ०, आणि १९ − २०८ + १८९ = ०. दोन्हीकडे शून्य आलं, उत्तर लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळ.